सोनेरी गोळ्यावरचा अंगठा

भट्टीतून निघालेले सगळे गोळे सोनेरी होते आणि त्यांतल्या एकावर अंगठा उमटला होता. तिने तो गोळा खिडकीच्या उजेडात धरला, फिरवला, हातमोज्याच्या बोटाने पुसून पाहिला. अंगठा जागचा हलला नाही. हलणार कसा? तो वरून लागलेला नव्हता, आत भाजला गेला होता. सोनेरी रंगात करड्या, बारीक रेघांची वेटोळी, आणि त्या वेटोळ्यांना मधोमध छेदून गेलेला एक आडवा व्रण. व्रण तिने लगेच ओळखला. शाळेत असताना पेन्सिलीला टोक काढायला घेतलेलं ब्लेड घसरलं होतं, त्याचा तो व्रण. अंगठे जगात पुष्कळ असतील, पण हा दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नव्हतं. तिने उजव्या हातातला मोजा काढला, आपला अंगठा गोळ्याशेजारी धरला आणि चोर पकडल्यासारखी दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली. इतक्या वर्षांत कधी नाही. भट्टीवर नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिला दम तिनेच दिलेला, 'उघडा हात लागला तर हात ठेवून घरी जा.' आणि आता हे.

'काय मिळालं एवढं?' तपासणीच्या टेबलावरून तिची मैत्रीण उठून आली. तिला सगळे मोजपट्टी म्हणत, कारण ती चहासुद्धा पेल्याच्या कडेवर डोळा लावून ओतायची. मोजपट्टीने गोळा हातात घेतला, डोळ्याला भिंग लावलं आणि फिसकन हसली. 'अहो बाई, एवढ्या शिकलेल्या तुम्ही, आणि शेवटी अंगठाबहाद्दरच निघालात की!' तीही हसली. हसू आलं ते खरं होतं, पण ते अर्ध्यावरच थांबलं, कारण आपण इतक्यात हसलोच नव्हतो हे तिच्या तेवढ्यात लक्षात आलं. गालांना हसण्याची सवय मोडली होती, ते दुखले. मोजपट्टीनेही ते पाहिलं असावं. तिने गोळा हळूच ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाली, 'होतं हो असं. चला, चहा घेऊ.' पण तिला चहा नको होता. तिला आठवायचं होतं, की हा अंगठा लागला कधी.

हे गोळे माणसाच्या खुब्यात बसायचे. मांडीचं हाड जिथे कमरेत फिरतं, तिथला झिजलेला गोळा काढून डॉक्टर हा बसवायचे, आणि मग ते माणूस चालायचं, जिने चढायचं, सुनेशी भांडून तरातरा निघून जायचं. गोळा टायटॅनियम या धातूचा. टायटॅनियम हलकं, चिवट, शरीर त्याला परकं मानत नाही. खोड एकच, त्याची कातडी मऊ. घासलं की ओरबाडतं, चिकटतं, काळी भुकटी सोडतं. म्हणून तिची भट्टी. लालभडक तापवून नायट्रोजनमध्ये तासन् तास ठेवलं की वायू कातडीत मुरतो, कातडी कठीण होते, वर सोन्याचा रंग चढतो. आतलं टायटॅनियम मात्र होतं तसंच राहतं, थोडं लवणारं, घाव सोसणारं. आतपर्यंत कठीण केलं असतं तर पहिल्याच ठेचेला तडकलं असतं. उघड्या हाताचा घाम, त्यातलं मीठ, बोटाचा तेलकटपणा कुठे राहिला, तर तिथे वायू नीट मुरत नाही आणि डाग जन्माचा राहतो. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

साहेब आले. माणूस वाईट नव्हता, फक्त सतत घाईत असायचा; स्वतःच्या लग्नातही घड्याळ बघत असेल असं मोजपट्टीचं म्हणणं. त्यांनी गोळा पाहिला आणि म्हणाले, 'पॉलिश मारून घ्या की. कुणाला कळतंय?'

'पॉलिशने डाग जाईल,' ती म्हणाली. 'खालचं मऊ आहे ते मऊच राहील.'

'अहो, एकच तर गोळा.'

'त्याच्यावर चालणारं माणूसही एकच असेल.'

साहेबांनी मान खाजवली. 'बरं बाई, तुमचंच खरं. टाका भंगारात. पण हा प्रताप कुणाचा?'

'माझा,' ती म्हणाली. शब्द इतका ठणठणीत निघाला की साहेब दचकले. तीही दचकली. चूक कबूल करताना माणसाचा आवाज खाली येतो, तिचा वर चढला होता. चूक का होईना, ती तिची होती. कित्येक दिवसांत पूर्णपणे तिची म्हणावी अशी ही पहिलीच गोष्ट. साहेब गेले, आणि ती भट्टीच्या बंद दारापुढे आपल्या स्टुलावर बसली. पंप घुमत होता. भट्टीची बाजू अजून कोमट होती, तिला पाठ टेकवली की बरं वाटायचं.

काल सकाळी. आठवलं. गोळे धुऊन, वाळवून ती जाळीच्या ट्रेमध्ये मांडत होती आणि फोन वाजला होता. दादाचा. दादाचा फोन म्हणून तिने उजव्या हातातला मोजा दातांनी ओढून काढला होता. 'छोटे,' दादा म्हणाला होता. पन्नाशी उलटली तरी ती त्याची छोटीच. 'छोटे, उद्या संध्याकाळी ती मंडळी येतायत. किल्ली त्यांच्या हातात देऊन टाकू. चालेल ना?' ती हो म्हणाली होती. 'सामान रविवारी हलवू. वहिनीने तुझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतलीय. गुलाबी.' हो. 'आणि तिथेही सांगून टाक आता. कशाला त्या भट्टीपुढे भाजून घ्यायचं? आम्ही काय मेलोय का?' हो, ती म्हणाली होती. आणि मग घाईघाईने, नाही नाही, म्हणजे हो, सांगते. त्याच वेळी ट्रेच्या कडेचा एक गोळा घरंगळला होता. तिने तो पडता पडता झेलला होता आणि जागेवर ठेवला होता. उघड्या हाताने. हातात गोळा आहे हेसुद्धा तिला कळलं नव्हतं. आपण आपलं घर देऊन टाकतोय, आपलं काम देऊन टाकतोय, हे तरी कुठे कळलं होतं?

घर म्हणजे दोन खोल्या. तिच्या आणि नवऱ्याच्या. तो पोहायला शिकवायचा, पलीकडच्या रस्त्यावरच्या तलावात, लहान मुलांना आणि घाबरट म्हाताऱ्यांना. त्याचे केस कायम ओले, टॉवेलांना कायम क्लोरीनचा वास. ती म्हणायची, तू माझ्या भट्टीच्या आसपास फिरकू नकोस, तापलेल्या टायटॅनियमला क्लोरीनचं वावडं असतं. तो म्हणायचा, तू माझ्या पाण्यात उतरू नकोस, पाणी उकळेल. असले त्यांचे विनोद, वर्षानुवर्षं तेच, आणि दोघंही दर वेळी हसायची. तो गेला तो पाण्यात नाही. तलावाच्या जिन्यावर, कोरडा, गळ्यात शिट्टी, हातात पाव. माणसाने सारं आयुष्य लोकांना बुडू नये म्हणून शिकवावं आणि आपण मात्र कोरड्या जिन्यावर बसल्या बसल्या जावं. तिला त्याचा राग आला होता.

त्यानंतरच्या दिवसांतलं तिला फारसं आठवत नाही, उष्णता तेवढी आठवते. अंगाची लाही व्हायची. ती फरशीवर गाल टेकून पडायची, फरशी तापली की पुढच्या फरशीवर सरकायची. माणसं येत होती. येणारा प्रत्येक जण काहीतरी आत टाकून जात होता. शेजारीण म्हणाली, पलंग काढून टाका, नजरेसमोर नको. मावशी म्हणाली, रडून घे. मावशीची मुलगी म्हणाली, आता रडू नकोस. कुणी म्हणालं, मूलबाळ असतं तर आधार झाला असता. आणि दादा, जो बाहेरच्या खोलीत चटईवर झोपत होता, सकाळी उठून दूध तापवत होता, गार करून तिच्या तोंडाशी धरत होता, आणि ती बघत नाही असं पाहून पालथ्या मुठीने डोळे पुसत होता, तो दादा म्हणाला, 'छोटे, तू आता आमच्याकडेच ये. हे घर देऊन टाकू.' तिने मान हलवली होती. ती सगळ्यांनाच मान हलवत होती. पलंग गेला. कपाट गेलं. एक दिवस आरसा गेला, तो कुणाच्या सांगण्यावरून गेला हेसुद्धा तिला आता सांगता येणार नाही.

तापलेलं टायटॅनियम हावरट असतं. थंड असताना त्याच्याइतकं मानी दुसरं कुणी नाही. समुद्राचं पाणी, घाम, रक्त, कशालाच दाद देत नाही. पण लाल झालं की आजूबाजूला जे असेल ते पीत सुटतं. साधी हवा मिळाली तर हवा पितं आणि कातडी काचेसारखी ठिसूळ करून घेतं. आणि एकदा प्यायलेलं परत ओकत नाही, खरवडूनच काढावं लागतं. म्हणून आधी भट्टीतली हवा पंपाने ओढून काढायची, मग आपल्याला हवा तोच वायू आत सोडायचा, आणि माल पुरता निवेपर्यंत दार उघडायचं नाही, दारापाशी कोण का बोंबलेना. तिचं सगळं काम म्हणजे खरं तर पहारा. ज्या म्हाताऱ्याने तिला हे काम शिकवलं, तो दर वेळी दाराच्या मुठीवर हात ठेवून म्हणायचा, 'माणसाचंही असंच असतं बघ, पोरी.' आणि ती दर वेळी म्हणायची, 'माणसाचं राहू द्या काका, पंपाचं तेल बघा.' धातूंवरून माणसांना धडे देणाऱ्यांचा तिला मनापासून कंटाळा होता. माणूस म्हणजे काय गोळा आहे? आता म्हाताऱ्याचं तेच वाक्य तिच्या डोक्यात आलं, तेव्हा तिने त्याला हाकललं. ते दाराशी घुटमळलं आणि निर्लज्जासारखं पुन्हा आत आलं. मी लाल झाले होते, तेव्हा माझ्या दारावर पहारा कुणाचा होता? कुणाचाच नव्हता. जो आला त्याने दार उघडलं. प्रेमाने उघडलं, हे तर आणखी वाईट, कारण प्रेमाने आलेल्याला घालवता येत नाही. तिला राग आला. चांगला, स्वच्छ, आपल्या मालकीचा राग. कितीतरी दिवसांत तिला असं काही वाटलं नव्हतं. वाटायचं ते सगळं दुसऱ्यांनी वाटायला लावलेलं. ती स्टुलावरून उठली. मोजपट्टीला म्हणाली, 'मी आज लवकर जाते.'

'बरं वाटत नाही का?'

'उलट,' ती म्हणाली. 'बरं वाटतंय म्हणून जाते.'

मोजपट्टीने तिच्याकडे नीट, माप घेतल्यासारखं पाहिलं. 'मग जा. पण उद्या येताय ना?'

'येणार नाही तर कुठे जाणार?' ती म्हणाली, आणि हे आपण कालच्या फोनला दिलेलं उत्तर आहे, एक दिवस उशिरा, हे तिला दारातून बाहेर पडता पडता जाणवलं.

रस्त्यावर ऊन कलत होतं. ती नेहमीच्या रस्त्याने न जाता तलावाच्या रस्त्याने गेली. तो गेल्यापासून तिने हा रस्ता टाकला होता. तसं कुणी सांगितलं होतं का? सांगितलं असणार, कुणीतरी. त्या दिवसांत सांगण्याला काय तोटा होता. कुंपणाच्या जाळीतून पाणी दिसत होतं, पोरं किंचाळत होती, कुणीतरी नवा मास्तर शिट्टी फुंकत होता. चुकीची फुंकत होता, फार लांबट. वास आला. तोच वास, टॉवेलांचा, उशीचा, त्याच्या मानेचा. तिने जाळीला दोन्ही हातांनी धरलं आणि वास छाती भरून आत घेतला. डोळ्यांतून पाणी आलं ते येऊ दिलं. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी पाहिलं तर पाहिलं. रडून घे असं कुणी म्हटलं नव्हतं आणि रडू नकोस असंही कुणी म्हटलं नव्हतं, त्यामुळे हे रडणं सुटसुटीत होतं, लवकर आटपलं. मग तिने नाक पुसलं आणि नव्या मास्तराला जाळीतून ओरडून सांगितलं, 'तोकडी फुंका! पोरं घाबरतात!' मास्तर बघतच राहिला. ती पुढे चालू लागली, आणि चालता चालता तिला वाटलं की आपण हे सगळं घर, रस्ता, तलाव, तो वास, एका गुलाबी खोलीच्या बदल्यात द्यायला निघालो होतो. आपल्याला वेडबिड लागलं होतं की काय?

घरी आल्यावर तिने काही केलं नाही. पाणी प्यायली. पलंग होता तिथल्या मोकळ्या जागेत खुर्ची ओढली आणि दाराकडे तोंड करून बसली. समोरच्या भिंतीवर कपाटाच्या आकाराचा उजळ पट्टा होता. तिथे नवं कपाट आणायचं, तिने ठरवलं. लहानसं, एका माणसाचं. जिन्यात पावलं वाजली, दादाचा आवाज आला, 'जरा जपून हं, चौथी पायरी उंच आहे.' या पायरीला सगळे ठेचकाळतात, ती दादाला पाठ झाली होती. बेल वाजली नाही. कुलपात किल्ली फिरली. दादाकडे त्या दिवसांपासूनची दुसरी किल्ली होती, आणि ती आहे हे आजवर तिला खुपलं नव्हतं. दार उघडलं.

'अरे, तू आलीससुद्धा?' दादा आनंदाने म्हणाला. त्याच्यामागे एक तरुण जोडपं होतं, बरं, लाजरं. बाईचे डोळे आल्या आल्या खिडकीकडे गेले. पडदा कसला लावायचा याचा हिशेब तिथे सुरू झालेला दिसत होता.

ती उठून उभी राहिली. 'तुम्हाला उगाच हेलपाटा पडला,' ती त्या दोघांना म्हणाली. 'पण हे घर द्यायचं नाहीये.'

दादा हसला. मग त्याला कळलं की हसण्यासारखं काही नाही. त्याने त्या दोघांना बाहेर जिन्यात थांबायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. 'छोटे, हे काय नवीन? तूच हो म्हणालीस.'

'म्हणाले.'

'एकदा नाही, दहादा म्हणालीस. काल सकाळीसुद्धा म्हणालीस. मी त्या बिचाऱ्यांना शब्द देऊन बसलोय.'

'त्या दिवसांत तू चंद्रावर राहायला जाऊ म्हणाला असतास, तरी मी हो म्हणाले असते. आणि कालपर्यंत तोच होकार पुढे चालला होता.'

'मग मी करायला काय हवं होतं?' दादाचा आवाज चढला. 'तुला तशीच फरशीवर पडू द्यायला हवी होती?'

'नाही. दूध दिलंस, ते प्यायले. बाहेरच्या खोलीत झोपलास, तू होतास म्हणून जगले. ते मी विसरणार नाही, दादा.' ती तशीच पुढे बोलत राहिली. 'फक्त तेव्हा विचारायचं नव्हतंस. मी काहीही कबूल केलं असतं, हे तुला दिसत होतं. म्हणून तर तेव्हाच विचारलंस.'

दादा खिशातल्या रुमालाशी चाळा करत राहिला. लहानपणी वडिलांसमोर उभा राहायचा तसा त्याने एक पाय दुसऱ्या पायावर घेतला होता. मग तो म्हणाला, 'मला वाटलं, नंतर तू ऐकणार नाहीस.'

'तेच म्हणतेय मी.'

'तुझ्या भल्यासाठीच गं.'

'माहीत आहे.'

'एकटी राहणार? पडलीस, झडलीस, रात्री-अपरात्री काही झालं तर?'

'पडेन. मग उठेन. नाहीच उठता आलं तर तुला हाक मारेन, आणि तू येशील.'

'वहिनीने खोली रंगवलीय,' दादा म्हणाला. आता त्याच्याकडे एवढंच उरलं होतं.

'गुलाबी रंग मला कधीच आवडला नाही. तुला ठाऊक आहे. वहिनीला सांग, मी येईन, चांगली आठ दिवस राहून तिच्या हातचं खाईन. पाहुणी म्हणून.'

दादाने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्याने या वेळी पुसलं नाही. 'तू दगड झालीस, छोटे,' तो म्हणाला.

तिला लागलं. आधी लागलं असतं तर तिने मान खाली घातली असती, माफी मागितली असती, किल्ली काढून दिली असती. आता ते लागलं, ठण्ण वाजलं, आणि बाहेरच राहिलं. 'दगड नाही रे,' ती म्हणाली. 'वरून तेवढी. आतून होते तशीच आहे. म्हणून तर तडकले नाही.' तिने पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिलाही रडू येत होतं, पण ते तिने मागे ठेवलं; अजून एक काम राहिलं होतं. 'आता विचार,' ती म्हणाली.

'काय विचारू?'

'तेच. तेव्हा विचारलं होतंस ते. आज मला नीट ऐकू येतंय.'

'आता विचारून काय उपयोग आहे?'

'माझा आहे. विचार, दादा.'

दादा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. उत्तर त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं उत्तर ऐकायची त्याला भीती वाटत होती, हे तिला दिसलं. तिला त्याची दया आली. तरीही तिने त्याची सुटका केली नाही. शेवटी तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, 'येतेस का गं आमच्याकडे राहायला?'

'नाही,' ती म्हणाली.

शब्द जिभेला इतका ताजा लागला की तिने तो पुन्हा एकदा म्हटला, जरा मोठ्याने, जिन्यात थांबलेल्या दोघांनाही ऐकू जाईल असा.